संकटात संशोधन आधी कशावर? पवईचा ऑक्सिजन, दहिसरची रक्ततपासणी आणि आपल्या गोठ्यातला लम्पी

एप्रिल २०२१ चे दिवस आठवा. गावाकडून मुंबईला फोन जात होते, मुंबईहून गावाकडे येत होते, आणि दोन्हीकडून विचारणा एकच होती. ऑक्सिजनचा बेड कुठं मिळेल का? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत आपल्याकडच्या प्रत्येक गावातलं एखादं तरी घर नांदतंय, त्यामुळे तिथली धावपळ ही काही परक्यांची बातमी नव्हती.

त्याच दिवसांत पवईच्या आयआयटी मुंबईत एक प्रयोग झाला. टीव्हीवर तो दोन मिनिटं दिसला आणि गेला. पण संकटाच्या वेळी शास्त्रज्ञांनी नेमकं कशावर काम करायचं आणि ते कोणी ठरवायचं, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं सोपं उदाहरण नाही.

हवेच्या शंभर भागांत साधारण ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन असतो. औषधांचे, खाद्यपदार्थांचे कारखाने हवेतून नायट्रोजन वेगळा काढतात. वेफर्सच्या पुडीत भरलेली असते ती हवा नाही, नायट्रोजन असतो. त्यासाठी कारखान्यात जे यंत्र बसवलेलं असतं त्याचं काम चाळणीसारखं चालतं. टाकीत कार्बनचे बारीक दाणे भरलेले असतात, हवा दाबाने त्यातून सोडतात. दाणे ऑक्सिजन धरून ठेवतात आणि नायट्रोजन पुढे जातो. आता याच टाकीतले कार्बनचे दाणे काढून त्या जागी झिओलाइट नावाच्या पदार्थाचे दाणे भरले तर उलटं होतं. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे येतो. यंत्र तेच, चाळणी बदलली.

प्रा. मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली आयआयटीने टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्यासोबत हे करून पाहिलं. तीन दिवसांत जोडणी झाली. ऑक्सिजनची शुद्धता ९३ ते ९६ टक्के भरली. हवेतून ऑक्सिजन काढणारे जे प्लांट दवाखान्यात बसवतात, त्यांच्यातूनही साधारण इतक्याच शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. एप्रिलच्या शेवटी ही माहिती जाहीर झाली, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्र सरकारने देशभरातल्या नायट्रोजन प्लांटपैकी कोणते असे बदलता येतील याचा आढावा घेतला.

या प्रयोगात नवा शोध काहीच नव्हता. झिओलाइट जुना, यंत्र जुनं, त्यामागचं शास्त्रही जुनं. नवा होता तो प्रश्न. आज माणूस कशावाचून मरतोय, आणि ती वस्तू बनवायला आपल्या हाताशी काय पडलेलं आहे? संकटात संशोधनाचा क्रम लावायचा तर सुरुवात इथून व्हायला हवी. दहा वर्षांनी बक्षीस मिळवून देईल असं काम त्या आठवड्यात थोडं थांबलं तरी चालतं.

पण एक गोष्ट सांगायला हवी. हा प्रश्न उशिरा विचारला गेला. ऑक्सिजन कमी पडणार याची चाहूल पहिल्या लाटेतच लागली होती. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यात तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी ८० टक्के दवाखान्यांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला होता. त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या मोकळ्या चार महिन्यांत देशात कुठेतरी कोणाच्या तरी यादीत हा प्रयोग वर असायला हवा होता. विहीर आटल्यावर गाळ काढायला उतरावं तसं झालं.

दहिसर, चेंबूर, माटुंगा: रक्तातून मिळालेलं उत्तर

दुसरं उदाहरण २०२० च्या जुलैचं. मुंबईत रोज रुग्णांचे आकडे येत होते, पण ते फक्त चाचणी झालेल्यांचे. ज्यांना कोरोना होऊन गेला आणि कळलंच नाही, असे किती? हे माहीत नसेल तर पुढचं नियोजन म्हणजे डोळे झाकून पेरणी.

मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून एक पाहणी केली. पूर्ण मुंबईत फिरणं शक्य नव्हतं, म्हणून तीन विभाग निवडले. पश्चिम उपनगरातला दहिसरचा, पूर्व उपनगरातला चेंबूरचा आणि शहरातला माटुंग्याचा. ६,९३६ लोकांचं रक्त घेतलं. त्यात ४,२३४ जण झोपडपट्टीतले आणि २,७०२ जण इमारतींत राहणारे. रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते तपासलं. शिवारात नांगर जाऊन गेला की काकर राहतात, तशी आजार होऊन गेल्याची खूण रक्तात राहते. तीच शोधायची होती.

निकाल ऐकून सगळे चकित झाले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये ती खूण सापडली, इमारतींत १६ टक्के. म्हणजे चाळी-झोपड्यांत निम्म्याहून जास्त लोकांना संसर्ग होऊन गेला होता, आणि चाचणीत सापडलेले रुग्ण त्या मानाने फारच थोडे होते. दाटीवाटी आणि एकाच शौचालयाचा अनेक घरांत वापर, ही त्याची मोठी कारणं असावीत, असं पाहणी करणाऱ्यांनी म्हटलं. दुसरी बाजूही दिसली. एवढ्या लोकांना लागण झाली असेल तर लागण झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण वाटत होतं त्यापेक्षा बरंच कमी होतं. ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली, तेव्हा झोपडपट्टीत ४५ आणि इमारतींत १८ टक्के आले.

या कामात लस नाही, औषध नाही. नुसती मोजणी. वर्तमानपत्रात अशा कामाचे फोटो छापून येत नाहीत. पण सॅनिटायझर कुठे जास्त द्यायचं, शौचालयांची सफाई दिवसातून किती वेळा करायची, पुढचा धोका झोपडीत आहे की टॉवरमध्ये, हे ठरवायला असा आकडा लागतो. कमी खर्चात लवकर मिळणारं आणि निर्णय बदलवणारं उत्तर, असं काम यादीत वर हवं. आणि त्यासाठी ज्यांनी दंडात सुई टोचून घेतली त्यातले बहुतेक हातावर पोट असणारे होते, हेही विसरायला नको.

प्लाझ्मा पाहिजे, रेमडेसिव्हिर पाहिजे

आता उलटी बाजू. त्या काळात व्हॉट्सअॅपवर रोज मेसेज फिरत, अमक्या रुग्णाला प्लाझ्मा पाहिजे, तमक्या गटाचं रक्त पाहिजे. बरा झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव आजारी माणसाला दिला तर तो बरा होईल, अशी आशा होती. आशा वेडी नव्हती, त्यामागे जुना वैद्यकीय विचार होता. पण खरंच उपयोग होतो का?

आयसीएमआरने हे तपासलं. २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना प्लाझ्मा दिला, निम्म्यांना नेहमीचे उपचार. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे वशिला नको आणि निवडही नको. निकाल असा की दोन्ही गटांत आजार बळावण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. प्लाझ्माने फरक पडला नाही. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये रीतसर छापून आला. उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा काढला गेला तो १७ मे २०२१ ला.

मधल्या सात महिन्यांत, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, लोक प्लाझ्मासाठी गावोगाव फिरले. रेमडेसिव्हिरचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं की दवाखान्यात दाखल रुग्णांचे मृत्यू टाळण्यात या औषधाने फारसा फरक दिसला नाही. तरी एप्रिल २०२१ मध्ये त्या इंजेक्शनसाठी रांगा लागल्या, काळा बाजार झाला, आणि किती तरी घरांनी दागिना मोडून ते विकत घेतलं.

त्याच वेळी ब्रिटनमध्ये काय झालं बघा. तिथल्या सरकारी दवाखान्यांनी ठरवलं, प्रत्येक डॉक्टरने आपापला छोटा प्रयोग करायचा नाही. सगळ्यांनी मिळून मोजके प्रश्न घ्यायचे आणि ते हजारो रुग्णांवर एकाच पद्धतीने तपासायचे. जून २०२० मध्ये त्यातून कळलं की डेक्सामेथासोन हे साधं, स्वस्त, जुनं औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. (म्हणून हे औषध मनाने घ्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.) कोणत्या कंपनीला त्या गोळीतून मोठा नफा नव्हता. तो प्रश्न कोणीतरी लोकांच्या बाजूने विचारायला लागतो.

‘याचा उपयोग होत नाही’ हे उत्तरही उपयोगाचंच असतं. फक्त ते दवाखान्याच्या दारापर्यंत आणि गावातल्या मोबाइलपर्यंत लवकर पोचायला पाहिजे. आपल्याकडे संशोधन झालं, पण निकाल पोचायला उशीर लागला, ही खरी दुखरी जागा.

प्लेगच्या काळात नेमकं काय चुकलं

हे आजचंच नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या खोलीत काम करून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांवर ती तपासली. संकटात संशोधन किती झपाट्याने होऊ शकतं याचं ते मोठं उदाहरण. परळची हाफकिन संस्था आजही त्यांच्याच नावाने आहे.

पण दुसरा एक प्रश्न मागेच पडला. प्लेग पसरतो कसा? सरकारचा सगळा जोर घरं धुण्यावर, चुना मारण्यावर, सामान जाळण्यावर आणि घराघरांत घुसून रुग्ण शोधण्यावर. पुण्यात त्या जुलमातूनच रँडचा खून झाला, हा इतिहास शाळेत सगळ्यांनी वाचलाय. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पोचवते. तेव्हाच्या सरकारी आयोगाला ते पटलं नाही. १९०५ नंतर परळलाच नव्याने प्रयोग झाले, तेव्हा पिसूवर शिक्कामोर्तब झालं. मधली वर्षं चुन्यात गेली.

आपल्या आजे-पणज्यांना मात्र एक गोष्ट आधीच ठाऊक झाली होती. उंदीर पटापट मरून पडायला लागले की गाव सोडायचं, माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं. पिसूचं शास्त्र त्यांना माहीत नव्हतं, पण उंदीर आणि प्लेग यांचा संबंध त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. संशोधनाचे प्रश्न ठरवताना भोगणाऱ्या माणसाला विचारावं, असं म्हणतात ते याचसाठी.

सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आणि आपल्या मंडळातलं पर्जन्यमापक

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. एकाच मुंबईत, लोकलने तासाभराच्या अंतरावर, एवढा फरक. कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, कालिना पाण्याखाली, आणि दक्षिण मुंबईत बसलेल्याला बराच वेळ पत्ता नाही.

या पुराआधी अभ्यास झाला नव्हता असं नाही. मुंबईच्या नाल्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल १९९३ मध्येच तयार होता. जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशोबाने बांधलेले, ते दुप्पट क्षमतेचे करावेत, असं त्यात होतं. बारा वर्षं काम रेंगाळलं. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तोच विषय पुन्हा ऐरणीवर आला. म्हणजे काही वेळा नवं संशोधन नकोच असतं, कपाटातलं जुनं बाहेर काढायचं असतं. नवीन समिती नेमणं सोपं, जुना अहवाल अंमलात आणणं अवघड, हे तालुक्याच्या कचेरीत फेऱ्या मारणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

एक बदल मात्र झाला. पाऊस एक-दोन ठिकाणी मोजून भागत नाही हे सगळ्यांना पटलं. उपनगरांत जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापकं बसली, २०२० मध्ये पुराचा इशारा देणारी ‘आयफ्लोज’ यंत्रणा सुरू झाली, आणि अंधेरी-जोगेश्वरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर २०२२ मध्ये हवामान खात्याचं नवं रडार आलं.

याचा गावाशी संबंध सरळ आहे. ‘महावेध’ची हवामान केंद्रं महसूल मंडळात एक या हिशोबाने बसलीत. एका मंडळात पंधरा-वीस गावं. केंद्राजवळ पाऊस नाही आणि चार कोसांवर ढगफुटी, असं झालं की कागदावर नुकसान दिसत नाही. सांताक्रूझ आणि कुलाब्याचं जे झालं तेच इथं होतं. फरक इतकाच, की मुंबईत बोंब झाली म्हणून यंत्रं वाढली.

लम्पीत काय बरोबर झालं

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला तेव्हा आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात भीती होती. गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या तबेल्यांपासून खानदेश-विदर्भातल्या बैलजोडीपर्यंत एकच विषय. त्या वेळी पशुसंवर्धन खात्याने गायी-बैलांना जी लस टोचली ती मुळात लम्पीची नव्हतीच. ती शेळ्यांच्या देवीची लस, गोट पॉक्स. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून शेळीची लस गायीला बऱ्यापैकी उपयोगी पडते. अनेकांना वाटलं सरकार काहीही टोचतंय. पण तो निर्णय पवईच्या ऑक्सिजनसारखाच होता. हाताशी असलेलं, तयार असलेलं, तपासलेलं आधी वापरा.

खास लम्पीची लसही तोवर तयार झाली होती. लम्पी देशात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात दिसला. तेव्हा तो लांबचा आजार होता, तरी हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने त्यावर काम सुरू केलं. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’ जाहीर करता आली. तिचं तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव उत्पादन संस्थेकडेही आलं. घाईच्या वेळी तयार लस, आणि शांततेच्या वेळी पुढच्याची तयारी. दोन्ही बैल जुपल्याशिवाय गाडा ओढला जात नाही.

सगळ्याच आजारांच्या वाट्याला ही तत्परता येत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाने माणसं दगावली. काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांना गोचिडीपासून होणारा हा ताप कर्नाटकात १९५७ पासून माहीत आहे. त्याची जुनी लस कमी पडते म्हणून कर्नाटकाने २०२२ मध्ये ती थांबवली, आणि नव्या लसीचं काम त्यानंतर सुरू झालं. रुग्ण थोडे, तेही गरीब, जंगलाकडेचे. बाजाराच्या हिशोबात असा आजार बसत नाही. तिथं सरकारी पैसा आणि सरकारी संस्थाच पुढे याव्या लागतात.

मग हे ठरवतं कोण, आणि आपण कुठं विचारायचं?

कोरोनात जगाच्या पातळीवर ११ आणि १२ फेब्रुवारी २०२० ला जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने शास्त्रज्ञांना बोलावून प्रश्नांची यादी केली. देशात माणसांच्या आजारांचं आयसीएमआर बघते, शेती-जनावरांचं आयसीएआर. महाराष्ट्रात डॉक्टरांचा टास्क फोर्स होता. या यादीत काय वर आणि काय खाली, यावर लाखो लोकांचं भलंबुरं ठरतं, पण त्या खोलीत सहसा पेशंट नसतो आणि शेतकरीही नसतो.

गावाच्या जवळची खोली मात्र एक आहे. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची एक वैज्ञानिक सल्लागार समिती असते. पुढच्या वर्षी कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, कोणत्या वाणावर शेतात चाचण्या घ्यायच्या हे तिथं ठरतं, आणि तिच्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. चेंबूरपलीकडच्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून आलेला ‘टीएयू-१’ उडीद आणि ‘टीएजी-२४’ भुईमूग आपल्या शिवारात पोचले, ते असंच शेतात घेऊन बघून, पारखून.

औषधाच्या चाचणीसाठी कोणी विचारलं तर तिची देशाच्या नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद आहे का हे विचारायचा हक्क आहे. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि ती मोबाइलवरही बघता येते. संमतीचा कागद मराठीत मागता येतो, वाचून नाही म्हणता येतं, आणि निकाल काय लागला हे नंतर विचारताही येतं.

कृषी विज्ञान केंद्राच्या समितीवर आपल्या भागातला शेतकरी प्रतिनिधी कोण आहे, बैठक कधी आहे, हे केंद्राच्या कार्यालयात विचारलं की कळतं. बैठक साधारण वर्षातून एकदा होते, तेव्हा गावाचा प्रश्न त्याआधी लेखी द्यावा.